ताटाकडे बघणारे साळुंखेकाका

दिल्लीत द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या जिममध्ये एक उभा वजनकाटा होता. एके सकाळी तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सापडला. कुणीतरी सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. असं चार-पाच वेळा झाल्यावर सेक्रेटरी गुप्ताजींनी कॅमेरा तपासला. त्यात पांढरा सदरा आणि कॅनव्हासचे बूट घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ सकाळी सहा वाजता आत आले, काट्याला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखं धरून त्यांनी तो फिरवला आणि व्यायाम वगैरे काही न करता निघून गेले.

ते आमच्याच टॉवरमधले वसंत साळुंखे होते. तिसऱ्या मजल्यावर मुलगा प्रशांत आणि सुनेबरोबर राहणारे. कमिटीनं त्यांना बोलावून विचारलं. त्यांनी हात जोडून माफी मागितली. म्हणाले, मुली दिवसातून तीन-तीनदा त्याच्यावर चढतात, मला बघवत नाही. गुप्ताजी म्हणाले, अहो, त्याच्यासाठीच तर आणलाय. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा फिरवला. शेवटी तो ट्रेनरच्या केबिनमध्ये गेला.

हा प्रकार मी मेट्रोत बसून सोसायटीच्या ग्रुपवर वाचला होता आणि हसले होते. मी तेव्हा रोज द्वारकेहून नोएडाला ऑफिसला जात असे. साडेसातला घर सोडायचं, संध्याकाळी आठला परत यायचं. शेजाऱ्यांची ओळख बहुतेक ग्रुपवरच. साळुंखेकाका मात्र प्रत्यक्ष भेटत, कारण ते सगळीकडे असत.

मूळचे तासगावकडचे. चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीत आले ते एका मंत्रालयाच्या कँटीनमध्ये नोकरीला. तिथून निवृत्त झाल्यावर काही वर्षं पानिपतजवळच्या एका खासगी क्रीडा वसतिगृहाची मेस त्यांनी सांभाळली. नंतर तेही सोडलं. एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्यांचा दिवस म्हणजे सकाळी सेक्टरच्या मैदानावर, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत. मैदानात मुलं पळत, आणि हे कठड्याशी कापडी पिशवी घेऊन उभे. पिशवीत केळी, भिजवलेले चणे, गूळ. पळणाऱ्याच्या वेळेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. धापा टाकत कुणी जवळून गेलं की विचारायचे, येताना काय खाल्लं? काहीच नाही असं उत्तर आलं की केळं पुढे. "पळायच्या आधीचं खाणं पळण्यासाठी आणि नंतरचं वाढण्यासाठी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रोटीनच्या मोठ्या डब्यांविषयी त्यांचं मत असं होतं की डब्यावर फार लिहिलेलं असतं, एवढं लिहायची वरणभाताला कधी गरज पडली नाही.

उगाच भरवणाऱ्यातलेही ते नव्हते. माझा नवरा मिलिंद एकदा उत्साहानं सकाळी चालायला जाऊ लागला आणि परतताना रोज कोपऱ्यावर दोन आलूपराठे, वर लोणी, असं खाऊ लागला. आठवड्याभरानं काकांनी त्याला लिफ्टमध्ये गाठून फार नम्रपणे सांगितलं की साहेब, आपण चालता दोन किलोमीटर आणि खाता पानिपतपर्यंतचं. मिलिंदनं पराठे सोडले. थोड्या दिवसांनी चालणंही सोडलं, ती गोष्ट वेगळी.

गणपतीत महाप्रसादाच्या दिवशी वाढायला काकाच. वाढताना त्यांची नजर माणसाच्या तोंडाकडे नसायची, ताटाकडे असायची. कुणी कोशिंबीर टाकली, कुणी पुरी अर्धी ठेवली, कुणी दुसऱ्यांदा भात मागितला, सगळं त्यांच्या लक्षात राही. स्वतः कधी पंगतीत बसायचे नाहीत. सगळं उरकल्यावर ओट्याशी उभ्यानं काहीतरी तोंडात टाकायचे. कपाळावर सतत एक आठी. सणासुदीलाही हा माणूस कसल्या तरी काळजीत असल्यासारखा दिसायचा, आणि ती काळजी नेमकी कशाची, हे कुणाला कळत नसे.

माझी मुलगी इरा त्या वर्षी पंधरा वर्षांची होती. ती पंधराशे मीटर धावायची. सीझनच्या सुरुवातीला तिच्या सरांनी सहज सांगितलं होतं, दोन किलो कमी कर, मग टायमिंग बघ. माणूस वाईट नव्हता. पोरांसाठी पहाटे उठून यायचा, पावसापाण्यात थांबायचा. इरानं ते वाक्य घरी आणलं आणि आम्ही कुणीच त्याकडे लक्ष दिलं नाही.

तिनं फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. बदाम खाल्ले तरी मोजून लिहायची. साखर बंद केली, मग तूप, मग भात. मला वाटलं, बरं झालं, बाहेरचं खाणं तरी सुटलं. ती स्वयंपाकात रस घेऊ लागली. रविवारी आम्हाला थालीपीठ करून घालायची, केक करायची, स्वतः मात्र नंतर खाईन म्हणायची. टायमिंग खरंच सुधारलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. तो फोटो मी ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवला. त्या फोटोत तिच्या गळ्याखालची हाडं वर आलेली दिसतात. तेव्हा मला पदक दिसलं होतं.

मार्चच्या शेवटी एका रविवारी मी भाजी घेऊन येत होते. काका गेटपाशी उभे होते. माझीच वाट बघत असावेत, कारण मला पाहून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

म्हणाले, "ताई, रागावू नका. इरा ताटात भाजी पसरून ठेवते."

मला काही कळलं नाही. त्यांनी सांगितलं की होळीच्या जेवणात त्यांनी पाहिलं. पोळीचे बारीक बारीक तुकडे करते, ताटभर पसरते, दुसऱ्यांना वाढायला उठते, आणि परत येऊन ताट उचलते. ताट भरलेलं दिसतं, वापरलेलं दिसतं, पण पोटात काही जात नाही.

मला राग आला. मी म्हणाले, काका, ती खेळाडू आहे, तिचं डाएट असतं, सर आहेत तिला सांगायला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग विचारलं, "एवढ्या उन्हात ती स्वेटर का घालते?"

 तेवढ्यात मलाही आठवलं की ती घरात पंखा बंद करायला लावते. काका जायला वळले, परत फिरले. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गेटच्या सळईवरचा रंग नखानं खरवडत राहिले.

"आणखी एक. तिच्या महिन्याचं... ते आईनं विचारावं. मी म्हातारा माणूस, मला कसं विचारता येईल? पण विचारा. आजच विचारा."

त्या पिढीतल्या माणसाला हे वाक्य किती जड गेलं असेल, हे मला नंतर समजलं.  मी वर गेले. इरा अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी विचारलं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "दिवाळीनंतर नाही आली. सब एथलीट्स का होता है, आई. नॉर्मल है."

दिवाळीनंतर. म्हणजे पाच महिने. आणि मी तिची आई, एकाच घरात राहत होते. तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके होते. उजव्या पोटरीच्या पुढच्या बाजूला, नडगीवर, ती बोटानं दाबत बसली होती. कधीपासून दुखतंय विचारलं तर म्हणाली, थोडंसंच, तीन आठवड्यांवर राज्याची स्पर्धा आहे, त्यानंतर बघू.

दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. सून झोपली होती. काकांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, स्वतः ओट्याला टेकून उभे राहिले. मला एवढंच हवं होतं की त्यांनी म्हणावं, काही नाही, होईल ठीक. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी पानिपतची गोष्ट सांगितली.

त्या वसतिगृहात कुस्तीच्या मुली असत. त्यात पिंकी नावाची एक होती, सतरा वर्षांची. मोठी हसरी, चार पोळ्या खाऊन पाचवी गुंडाळून बरोबर नेणारी. एका स्पर्धेसाठी तिला खालच्या वजनगटात खेळवायचं ठरलं. दोन दिवस जेवण बंद, पाणी घोटभर. अंगावर कपड्यांचे थर चढवून उन्हात पळायचं, म्हणजे घामानं वजन उतरतं. मेसला कुलूप लावायचा हुकूम झाला आणि किल्ली काकांच्या खिशात आली. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंकी मेसच्या मागच्या दाराशी आली. जाळीच्या दारातून म्हणाली, काका, अर्धी रोटी दे दो, किसी को नहीं बताऊँगी.

"मी म्हटलं, कल वजन हो जाए, फिर पेटभर खिलाऊँगा," काका म्हणाले. "मला खरंच वाटलं, मी तिचं भलं करतोय. सगळे म्हणत होते ना, एका दिवसाचा प्रश्न आहे."

तासाभरानं ती मैदानावर कोसळली. जीव वाचला. पण मूत्रपिंडं कायमची दुबळी झाली. कुस्ती संपली. काकांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. पिंकी आता पानिपतमध्ये एका चादरीच्या कारखान्यात ऑफिसचं काम करते. दर रविवारी काका तिला फोन करून काय जेवली ते विचारतात. ती सांगते. कधीकधी खोटंही सांगते, त्यांना कळतं.

 काका म्हणाले, इराशी भांडू नका. आधी डॉक्टरकडे न्या. मी काही डॉक्टर नाही, मला फक्त भूक ओळखता येते.

दोन दिवसांनी खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टर बाईंकडे आम्ही गेलो. तपासण्या झाल्या. नडगीच्या हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी इराला समोर बसवून समजावलं. तू जेवढं पळतेस तेवढं शरीराला मिळत नाही. मग ते एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग केस, ऊब, आणि शेवटी हाडातून काढायला लागतं. सुरुवातीला हलकं वाटतं, वेळ सुधारते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. राज्यस्पर्धा नाही. तीन महिने पळणं नाही. रोज तीन जेवणं आणि मधली तीन खाणी, आहारतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिली.

 घरी आल्यावर इरा म्हणाली, हे सगळं त्या साळुंखेकाकांनी केलंय. माझा सीझन त्यांनी संपवला.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. मी रजा घेतली होती. आमच्या घरातलं जेवणाचं टेबल म्हणजे परीक्षेचा हॉल झाला होता. ती भाताकडे बघत बसायची. मी तिच्याकडे बघत बसायचे. मिलिंद दोघींकडे बघून उठून जायचा. एकदा मी ओरडले, एकदा रडले, दोन्हीचा उपयोग झाला नाही. कागदावरचं निम्मंसुद्धा पोटात जात नव्हतं. पायाला पट्टा बांधून ती खोलीत पडून राहायची, आणि पळत नाही म्हणून आणखी कमी खायला हवं, असा हिशेब डोक्यात करायची.

याच दिवसांत काका तिच्या सरांना भेटायला गेले. मी थोडी बाजूला उभी होते. त्यांनी आवाज चढवला नाही. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मैंने तो बस दो किलो बोला था, अंकलजी."

काका म्हणाले, "मैंने भी बस ताला लगाया था."

सरांना त्याचा अर्थ कळला नसेल. पण त्यानंतर त्यांनी कुठल्याही मुलीला वजनावरून काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

मग एका दुपारी चारच्या सुमाराला काकांनी आमची बेल वाजवली. हातात काही नव्हतं, केळंसुद्धा नाही. इरा दार उघडून तशीच उभी राहिली. ते तिला म्हणाले की मला तुझं ते फोनमधलं शिकायचंय, खाल्लेलं लिहितात ते. प्रशांतला वेळ नसतो.

तिला नाही म्हणता आलं नाही. दोघं टेबलाशी बसले. ती तुटकपणे विचारत गेली, ते सांगत गेले. सकाळी? चहा. मग? मैदानावरून आल्यावर चहा. दुपारी? भाकरी. किती? अर्धी, कधी पाऊण. भाजी? थोडी, आमटी. संध्याकाळी? चहा. रात्री? राहिलं असेल ते. म्हणजे? म्हणजे कधी असतं, कधी नसतं.

इराचं बोट थांबलं. तिनं पुन्हा सगळं तपासलं. मग ॲपमध्ये आलेल्या आकड्याकडे आणि काकांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"काका, तुम्ही तर उपाशी आहात."

"मला लागतच नाही गं," ते म्हणाले.

"मीही हेच म्हणते," इरा म्हणाली. 

मी स्वयंपाकघरात होते. हातातला झारा तसाच धरून उभी राहिले.  त्यांचे हात टेबलावर होते, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की मनगटावरचं घड्याळ केवढं सैल झालंय. जाळीच्या दाराशी आलेल्या त्या मुलीनंतर हा माणूस कधी पोटभर जेवलाच नव्हता. ते ठरवून आमच्याकडे आले होते की खरंच ॲप शिकायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चारला आले. इरानं दोन ताटल्या घेतल्या. दोन्हींत दोन-दोन धिरडी, दही, थोडा गूळ. ती म्हणाली, तुम्ही खाल्लं तर मी खाईन. आणि बसून खायचं. ते बसले.  सगळं काही त्या दिवसापासून सुरळीत झालं, असं मुळीच नाही. कधी ती अर्ध्यावर उठायची, आणि काकाही लगेच थांबायचे. मग ती रागानं परत बसायची. कधी तिनं पोळी रुमालात लपवलेली त्यांना दिसायची. ते आपली पोळी मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवायचे. आहारतज्ज्ञांचा कागद त्यांनी फ्रिजवर लावला होता आणि मला बजावलं होतं की जेवताना वजनाविषयी, पळण्याविषयी, शाळेविषयी बोलायचं नाही. मग काय बोलायचं? काहीही. मंत्रालयातल्या कँटीनमध्ये एका बड्या साहेबांनी साबुदाण्याची खिचडी परत पाठवली होती, का, तर त्यात तांदूळ कच्चे आहेत म्हणून. ती गोष्ट इरा पहिल्यांदा हसली तेव्हाची.

ॲप तिनं जुलैमध्ये काढून टाकलं. पाळी ऑगस्टमध्ये आली. मी ऑफिसात होते, तिचा मेसेज आला, आणि मी मीटिंग सोडून बाहेर जाऊन रडले. त्याच महिन्यात ती हळूहळू पळू लागली. चार किलो वाढली होती. ऑक्टोबरमध्ये एका छोट्या स्पर्धेत ती सहावी आली, आधीच्या वेळेपेक्षा बऱ्याच मागे. घरी येऊन खोलीचं दार लावून बसली. मी दाराबाहेर उभी राहिले. अर्ध्या तासानं बाहेर आली आणि काकांकडे जेवायला गेली. मी त्यांच्या सुनेला फोन करून विचारलं, जेवली का. जेवली होती. काकाही.

त्या हिवाळ्यात दिल्लीची हवा फारच बिघडली. शाळांनी मैदानं बंद केली. काकांना जिना चढताना दम लागू लागला, मग बोलतानाही. डॉक्टरांनी सांगितलं की थंडी संपेपर्यंत दिल्लीबाहेर न्या. प्रशांतनं त्यांना तासगावला भावाकडे ठेवायचं ठरवलं. फेब्रुवारीत तिथेच ते गेले, दुपारी जेवून पडले असताना. प्रशांतनं मला फोनवर सांगितलं, आणि जेवून हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. पानिपतला पिंकीला त्यानंच कळवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निजामुद्दीन स्टेशनवर. नोव्हेंबरची दुपार, पण ऊन मातकट, पलीकडच्या फलाटावरची माणसं धूसर दिसत होती. प्रशांत सामान लावायला आत गेला होता. काका डब्याच्या दारात दांडा धरून उभे होते, तोंडावर मास्क, कपाळावर तीच आठी. इरा आणि मी खाली फलाटावर. ते तिला सारख्या सूचना देत होते आणि मध्ये खोकत होते. मैदान बंद आहे, पळणं नाही, महिना-दोन महिने असेच जातील. त्यांना काय सांगायचंय ते तिला कळत होतं. मलाही. पळत नाही म्हणून ही पुन्हा ताट पुढे ढकलेल, या भीतीनं ते गाडीत बसायला तयार नव्हते.

इरानं त्यांचं बोलणं मध्येच थांबवलं. म्हणाली, "काका, पळत नसले तरी मला भूक लागते."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती खरं सांगतेय की त्यांना निघता यावं म्हणून सांगतेय, हे शोधत असावेत. मीही तिच्याकडे तसंच बघत होते. गाडी हलली. प्रशांतनं आतून त्यांचा दंड धरला. ते मागे झाले नाहीत, उलट दारातून थोडे पुढे झुकले, आणि धुरकट हवेत गाडी पार लांब जाईपर्यंत त्यांचं पांढरं डोकं आमच्या दिशेनं वळलेलं दिसत राहिलं.